माहेरचे नाव

मुले मार्गी लागली, सुना घरात रुळल्या, की पूर्वी आपल्याकडची जोडपी काशीयात्रेला निघत. डोळ्यांना दिसते आहे, पाय चालताहेत, तोवर एकदा गंगा बघून घ्यावी, एवढाच हिशेब. परत आल्यावर मावंदे घालायचे आणि उरलेले आयुष्य देवाचे नाव घेत काढायचे. आता यात्रा आठ दिवसांत आटपते आणि मावंद्याचा स्वयंपाक केटरर करतो, ही गोष्ट वेगळी. पण म्हातारपणी दोघांनी मिळून घराबाहेर पडावे ही ओढ काही कमी झालेली दिसत नाही. या ओढीचा एक अगदी निराळा प्रकार मला अमेरिकेत, सॉल्ट लेक सिटी या गावी पाहायला मिळाला. तिथली म्हातारी जोडपी यात्रेला निघतात ती देवळात नव्हे, दप्तरखान्यात. स्वतःच्या खर्चाने परमुलखात बिऱ्हाड थाटतात आणि वर्ष-दीड वर्ष रोज सकाळी उठून परक्या, मेलेल्या माणसांच्या नावांचे फोटो काढीत बसतात.

मी तिथे गेले त्याचे कारण घरगुतीच होते. माझा धाकटा भाऊ त्या गावाला लागून असलेल्या एका वस्तीत राहतो. २०२४ च्या मे महिन्यात भावजयीचे दिवस भरत आले होते. तिच्या आईचे गुडघे एवढ्या लांबच्या प्रवासाला तयार नव्हते. शाळेला सुट्टी होती. तेव्हा डिंकाचे लाडू आणि हळीव बांधून घेऊन मीच निघाले. बाळ झाले, घरी आले, आणि त्याच संध्याकाळी शेजारच्या घरातले एक वृद्ध जोडपे ताजा भाजलेला पाव घेऊन दारात उभे राहिले.

आजोबा ऐंशीच्या अलीकडचे. जन्मभर दुभत्या गाई पाळलेले, त्यामुळे बोटे जाड आणि बोलणे थोडे. आजी चार बुकांची पण चौकस. शाळेच्या स्वयंपाकघरात तिची नोकरी झालेली. आमच्या शाळेतही मुलांना दुपारी खिचडी मिळते असे मी सांगताच तिने विचारले, ‘‘शंभर मुलांना तांदूळ किती घेता?’’ ज्या बाईला असा प्रश्न सुचतो तिच्याशी माझे जमायला वेळ लागत नाही. बोलता बोलता कळले, की दोघे नुकतीच इटलीहून परतली होती. दीड वर्ष तिथे होती.

‘‘मुलगा असतो वाटतं तिकडे?’’ मी विचारले.

‘‘छे! आम्ही मिशनवर गेलो होतो.’’

मिशन म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे दवाखाना येतो, शाळा येते, नाहीतर हातात बायबल घेतलेला पाद्री येतो. या दोघांच्या मिशनमध्ये यातले काहीच नव्हते. होता तो एक कॅमेरा.

इथे थोडा मागचा इतिहास सांगायला हवा. सॉल्ट लेक सिटी हे मॉर्मन पंथाच्या लोकांनी वसवलेले गाव. (या नावाने हाक मारलेली त्यांना हल्ली फारशी रुचत नाही, पण जगाच्या तोंडी तेच बसले आहे.) १८३० साली न्यूयॉर्क राज्यात हा पंथ निघाला आणि लोकांचा छळ सोशीत, हलत हलत १८४७ साली या डोंगराळ मुलखात येऊन ठेपला. घराण्यातली माणसे मरणानंतरही एकमेकांना बांधलेली राहतात, अशी त्यांची श्रद्धा. आपल्या बायका वडाला सूत गुंडाळून सात जन्मांचीच बोली करतात. यांचा करार बेमुदत! पण बांधायचे तर आधी माणूस सापडायला हवा. आजा, पणजा, खापरपणजा, त्यांच्या बायका, सगळ्यांची नावे हवीत. त्यासाठी १८९४ साली त्यांनी वंशावळी शोधणारी संस्था काढली आणि १९३८ पासून देशोदेशीच्या जन्ममृत्यूच्या वह्यांची मायक्रोफिल्म घ्यायला सुरुवात केली. आपल्या हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यासुद्धा यातून सुटलेल्या नाहीत.

या फिल्मी ठेवल्या कुठे, ते ऐकून मौज वाटते. ज्या दरीतला दगड आणून त्यांनी १८५३ पासून १८९३ पर्यंत, चाळीस वर्षे खपून, आपले मोठे मंदिर बांधले, त्याच दरीच्या कड्यात पुढे बोगदे खोदून एक कोठार केले. १९६५ साली ते पुरे झाले. डोक्यावर शेकडो फूट खडक, आणि आत सुमारे २४ लाख रिळे. त्या सर्वांच्या संगणकी प्रती करून व्हायला २०२१ साल उजाडले. बाहेरच्या माणसाला आत सोडत नाहीत. भावाने मला गाडीतून त्या दरीत नेले, आणि आम्ही लांबूनच कडा पाहून परत आलो. सोने ठेवावे तशी नावे ठेवलेली! रिळांचे युग आता संपले. आता थेट कॅमेरा लावून चित्र घेतात, आणि त्या कॅमेऱ्यामागे बसायला माणसे लागतात ती बहुतेक अशी, निवृत्त झालेली जोडपी.

पगार नाही. भाडे, जेवण, औषधपाणी सगळे पदरचे. सहा महिन्यांपासून तेवीस महिन्यांपर्यंतची बोली असते आणि कुठे जायचे त्याचे पत्र वरून येते. आजी-आजोबांना पत्र आले ते दक्षिण इटलीतल्या एका जिल्ह्याच्या दप्तरखान्याचे. इटलीच्या सरकारी दप्तरखान्यांशी या संस्थेचा २०११ साली तसा करार झालेला आहे. छातीवर काळी नावपट्टी लावून दोघे निघाली. त्या पट्टीवर आजोबांच्या आडनावाआधी ‘एल्डर’ म्हणजे वडील असे लिहिलेले. एकोणीस वर्षांची मिसरूड फुटलेली पोरे मिशनवर जातात तीही ‘एल्डर’च. ‘‘आम्ही दीड वर्ष कानकोंडे होऊन राहिलो,’’ आजोबा म्हणाले, ‘‘स्वतःची बायको चारचौघांत वडील म्हणून हाक मारते म्हणजे काय!’’

काम दिसायला अगदी साधे. उभ्या खांबाला खाली तोंड करून कॅमेरा बसवलेला, दोन बाजूंना दोन दिवे. आजोबांनी वही ठेवायची, आजीने पान उलटायचे, आजोबांनी चित्र घ्यायचे. आधी टाचण्या काढायच्या, दुमडलेले कोपरे बोटाने सरळ करायचे, वाळवीची माती मऊ कुंचल्याने झाडायची. एखादे पान अंधूक उठले तर पुन्हा घ्यायचे. दप्तरखान्यात धर्माबद्दल चकार शब्द काढायचा नाही असा दंडक. घेतलेल्या चित्रांची एक प्रत दप्तरखान्याला, एक सॉल्ट लेकला. भाषा येत नव्हती, पण दोनच महिन्यांत जन्मला, मेला, लग्न लागले, हे शब्द ओळखू येऊ लागले. ‘‘त्याहून अधिक माणसाच्या आयुष्यात काय असतं?’’ असे आजी म्हणाली. मी कादंबऱ्या लिहिते, त्यामुळे मला हे मान्य करणे परवडणारे नव्हते. मी गप्प बसले.

त्या वह्यांची हकीकत मात्र मी तिच्याकडून पुन्हा पुन्हा ऐकली. नेपोलियनच्या अमदानीत, १८०९ साली, दक्षिण इटलीत गावोगाव सरकारी जन्ममृत्यूच्या वह्या सुरू झाल्या. मूल जन्मले की बापाने ते कचेरीत आणून दाखवायचे. दोन साक्षीदार उभे करायचे. मग कारकून छापील नमुन्यात बापाचे नाव, वय, धंदा, कुठल्या आळीत राहतो ते लिहून घेणार. बापाला सही येत नसेल तर तसेही नमूद करणार. वहीची दुसरी प्रत न्यायकचेरीत जायची, म्हणून एक कुजली तरी दुसरी राहिली. आणि आईचे नाव लिहायचे ते तिच्या माहेरच्या आडनावासकट. लग्न झाले, दहा मुले झाली, नवरा मेला, शेवटी स्वतः मेली, तरी वहीत तिचे आडनाव बापाचेच. दोनशे वर्षांपूर्वीची एखादी कोळीण वही-वहीतून हुडकून काढता येते ती त्यामुळे.

‘‘आणि टाकून दिलेली मुलं?’’ मी विचारले.

यावर आजी थोडा वेळ बोलली नाही. मग सांगू लागली. मोठ्या गावांत अनाथालयाच्या भिंतीत एक फिरते लाकडी पिंप बसवलेले असे. रात्री कोणी त्यात मूल ठेवायचे, पिंप फिरवायचे, घंटा वाजवायची आणि निघून जायचे. दुसऱ्या दिवशी आतली बाई मूल कचेरीत नेणार. त्या पानावर आईबापाच्या रकान्यात काही नाही. पण मुलाच्या अंगावर काय होते ते तपशीलवार लिहिलेले. फाटक्या निळ्या कापडाचा तुकडा. गळ्यात दोऱ्याने बांधलेले अर्धे पदक. उरलेले अर्धे आईजवळ असणार. पुढे कधी न्यायला आली तर जुळवून पाहता यावे म्हणून. कारकून मुलाला एक नाव आणि एक आडनाव जागच्या जागी बनवून द्यायचा. ‘‘अशी पानं आली की ती थांबायची,’’ आजोबा मध्येच म्हणाले. ‘‘मी कॅमेऱ्यावरचा हात काढून घ्यायचो. घाई केली नाही कधी.’’

आजीची आई जन्मतःच परक्या घरी दिलेली होती. कोणी दिली, कुठून आली, त्याचा कागद नाही. आजीच्या वंशावळीच्या तक्त्यात त्या जागी एक चौकोन तीस वर्षे रिकामा आहे. इटलीत तो भरून निघण्याचा काही संभव नव्हता. तिची माणसे इटलीतली नव्हेतच. तरी गेली. ती तिथे असताना तिचा थोरला भाऊ इकडे वारला. ‘‘जाऊन यायला मोकळीक होती,’’ ती म्हणाली. ‘‘पण भाऊच म्हणाला होता, मी गेलो तर येऊ नकोस, हातातलं काम पुरं कर.’’

एका दुपारी बाळ झोपलेले असताना तिने पंधरा चौकोनांचा एक कोरा तक्ता माझ्यापुढे ठेवला. मी, माझे आईबाप, चार आजी-आजोबा, आठ पणजी-पणजोबा. ‘‘भर बघू. तुझ्यापाशीच ठेव, मला नको. नुसती गंमत.’’

वडिलांच्या बाजूने माझे पेन असे धावले की विचारू नका. आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत छापलेला आहे. तोही असाच, निवृत्त झालेल्या एका जोडप्याने एस.टी.ने गावोगाव हिंडून जमवलेला. तेव्हा ही यात्रा आपल्याला अगदीच परकी आहे असे नाही. पण बायकांचे चौकोन आले आणि पेन अडले. पहिला पेच माझ्याच चौकोनात! मॅट्रिकच्या दाखल्यावर माझे एक नाव, रेशनकार्डावर दुसरे. आजी म्हणाली, ‘‘जन्माचं लिही.’’ आईचे ठाऊक होते. पण आईच्या आईचे? तिचे सासरचे नाव मला माहीत, माहेरचे आडनाव माहीत, गाव माहीत, मग नाव? ताटात तांदूळ पसरून त्यावर सोन्याच्या अंगठीने नवऱ्याने नवे नाव लिहायचे, पेढे वाटायचे, आणि त्या घटकेपासून जुने नाव मिटले, अशी आपली रीत. आडनाव तर जातेच, हाकेचे नावही जाते. त्र्यंबकेश्वरच्या आमच्या तीर्थोपाध्यायांच्या वहीत पणजोबांची नोंद मी पाहिली आहे: नाव, गाव, तिथी, आणि पुढे ‘बरोबर कुटुंब’. त्या कुटुंबाला नाव असणारच ना!

‘‘हिचं जन्माचं नाव काय?’’ आजीने बोट ठेवले.

‘‘माहीत नाही.’’

‘‘कोणाला माहीत असेल?’’

‘‘मावशीला, कदाचित. शहाऐंशी वर्षांची आहे.’’

‘‘म्हणजे जिवंत आहे?’’ तिने चष्मा काढला. ‘‘आणि तू इथं बसून मला इटलीच्या गोष्टी विचारतेस?’’

पण मी फोन लगेच लावला नाही. माझ्या मनात दुसराच एक काटा होता आणि तो काढल्याशिवाय मला आजीच्या आजीचे काय, मांजराचेही नाव त्या घरात उच्चारायचे नव्हते. ही मंडळी नावे गोळा करून पुढे काय करतात, ते भावाने मला सांगितले होते. त्यांच्या मंदिरात बारा बैलांच्या मूर्तींच्या पाठीवर एक हौद असतो. त्यात पांढरे कपडे घातलेला एखादा तरुण मुलगा नाहीतर मुलगी उभी राहते आणि मेलेल्या माणसाच्या नावाने बुडी घेते; म्हणजे त्या मेलेल्याचा बाप्तिस्मा झाला. नाझींनी मारलेल्या ज्यूंच्या नावाने अशा बुड्या घेतल्याचे उघडकीस आले तेव्हा केवढा क्षोभ झाला! १९९५ साली ज्यू संस्थांशी करार करून हे थांबवण्याचे वचन द्यावे लागले. २००८ साली व्हॅटिकनने आपल्या बिशपांना कळवले, की चर्चमधल्या नोंदवह्या या लोकांच्या हाती देऊ नका. तरी २०१२ साली अ‍ॅन फ्रँकच्या नावाने पुन्हा बुडी घेतली गेली, आणि महात्मा गांधींच्या नावानेही पूर्वी तसे झाल्याचे त्याच वर्षी वर्तमानपत्रांत आले. त्यावर चर्चने आपल्या लोकांना बजावले, की फक्त स्वतःच्या पूर्वजांची नावे द्या.

मी आजोबांना स्पष्टच विचारले. ते रागावले नाहीत. म्हणाले, ‘‘आम्ही दारात आमंत्रण ठेवतो. घ्यायचं की नाही ते त्या जीवानं ठरवावं. जबरदस्ती नाही.’’

‘‘पण नको म्हटलेलं तुम्हाला ऐकू कसं येणार?’’

त्यांनी बराच वेळ आपल्या जाड बोटांकडे पाहिले. ‘‘नाही येत,’’ म्हणाले.

मेलेल्यासाठी जिवंत माणसाने पाण्यात हात घालावा, यात मला नवल वाटायचे कारण नव्हते. पक्षपंधरवड्यात वडील तर्पण करीत ते मी लहानपणी जवळ बसून पाहिले आहे. बाप, आजा, पणजा, आई, आजी, पणजी, मग आजोळचे. गोत्र आठवले नाही तर काश्यप म्हणून सोडवून घ्यायची सोय. आणि शेवटी एक ओंजळ, ज्यांना कोणी नाही, ज्यांचा आपला संबंध नाही, त्यांच्यासाठी. ही शेवटची ओंजळ मला फार आवडायची. पण तहानेल्याला पाणी देणे निराळे आणि त्याचे नाव आपल्या हजेरीपटावर चढवणे निराळे. हजेरी रोज मीच घेते. नाव पुकारल्यावर ‘हजर’ म्हणायला समोर मूल असावे लागते. आजोबांशी माझे हे जुळले नाही, आणि न जुळताच आम्ही रोज संध्याकाळी त्यांच्या अंगणात चहा घेत राहिलो. चहा म्हणजे मी. ती दोघे चहाला शिवत नाहीत, नुसते गरम पाणी पितात.

एकदाचा फोन लावला. रात्रीचे नऊ, तिकडे सकाळचे साडेआठ. मावशीचा पूजेचा वेळ.

‘‘आईचं माहेरचं नाव?’’ मावशी म्हणाली, ‘‘आज हे काय मध्येच?’’ मग बराच वेळ नुसता घंटीचा आवाज. मला वाटले, विसरली. मग म्हणाली, ‘‘सासरी कुणाला ठाऊक नव्हतं ते. अण्णांनाही ती कधी त्या नावानं हाक मारू द्यायची नाही. पण भाऊबीजेला मामा यायचा ना बैलगाडीतून, तो वेशीपासूनच त्या नावानं ओरडत यायचा. वर्षातून तेवढा एक दिवस. आई चुलीपुढून उठून अशी धावायची, आम्हा पोरींना नवल वाटायचं की आई धावते! मी सातवीत असताना मामा गेला. त्यानंतर ती हाक नाही ऐकली घरात.’’

आजी गेली तेव्हा मी दहा वर्षांची होते. मामा गेल्यावर ती आणखी पस्तीसएक वर्षे जगली. तेवढ्या सगळ्या भाऊबीजा.

मावशीने नाव सांगितले. दुसऱ्या दिवशी मी ते तक्त्यातल्या चौकोनात शिसपेन्सिलीने लिहिले, बाळबोधीत. शेजारच्या आजीने चित्र पाहावे तसे ते पाहिले आणि म्हणून दाखवायला सांगितले. त्या नावात एक ‘ळ’ आहे. तिने चारदा जीभ वळवून पाहिली, नाद सोडला, आणि म्हणाली, ‘‘माझ्या आईच्या चौकोनात लिहायला अक्षरच नाही, तुझ्या आजीच्यात आहे ते मला म्हणता येत नाही.’’ आणि हसली. ते नाव मी इथे छापीत नाही. माझ्या मुलीला सांगितले आहे आणि भावाने बाळाच्या पहिल्या वाढदिवशी फोटोमागे लिहून ठेवले आहे, तेवढे पुरे.

आपल्याकडे १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांची नावे सरकारी कागदांवर आधी मुलाचे, मग आईचे, मग बापाचे आणि शेवटी आडनाव अशी लिहायची ठरले आहे. ही मुले २०३० च्या सुमारास माझ्या वर्गात येतील. आईचे कोणते नाव लिहून आणतील, माहेरचे की ताटातल्या तांदळातले, ते तेव्हा कळेलच.

आजी-आजोबांना दुसरे पत्र आले. या खेपेस फिलिपीन्स. तिथल्या दमट हवेत पानाला पान चिकटलेले असते, असे आजीने नाताळच्या पत्रात कळवले आहे. निघण्यापूर्वी तिने मला घरच्या कागदांसाठी चार गोष्टी बजावून सांगितल्या होत्या. टाचण्या काढ, गंजून कागद खातात. जुने कागद प्लॅस्टिकमध्ये पक्के चिकटवून घेऊ नकोस, मग ते सोडवता येत नाहीत. फोटोच्या मागे लिहायचे ते शिसपेन्सिलीने आणि हलक्या हाताने. आणि घर झाडायला काढाल तेव्हा ट्रंकेच्या तळाचे कागद तू स्वतः बघ, दुसऱ्यावर सोपवू नकोस. या शेवटच्या सूचनेने मी चमकले. दिवाळीच्या सफाईत आपल्याकडे रद्दीवाल्याच्या तागडीत काय काय जाते, ते तिला कोणी सांगितले होते?

मे महिन्यात मावशीकडे जाऊन चार दिवस राहिले. तिच्या ट्रंकेत १९५६ सालचा, मोठ्या मामाच्या लग्नातला बायकांचा एक फोटो निघाला. तेरा जणी, पदर डोक्यावरून, सगळ्या कॅमेऱ्याकडे रागावल्यासारख्या बघताहेत. मी पेन्सिल घेऊन बसले आणि मावशी एकेकीवर बोट ठेवून आधी माहेरचे, मग सासरचे नाव सांगत गेली. काळ्यापांढऱ्या फोटोत लुगड्यांचे रंगसुद्धा सांगत गेली. नऊ जणी झाल्या. चौघींची नुसती सासरची नावे आठवतात. त्यांतल्या दोघींची एक धाकटी नणंद सांगलीला आहे, नव्वदीची. तिला ऐकू कमी येते, फोनचा उपयोग नाही. दिवाळीच्या सुट्टीत फोटो घेऊन समक्षच जायचे ठरवले आहे.